सर्व्हर घेताना गिगाहर्ट्झ विचारू नका, चिपळूणचा पाऊस चालवून दाखवायला सांगा

प्रति,
कोकणातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, संगणक विभागप्रमुख आणि खरेदी समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणची. सर्व्हरवर प्रोग्राम किती वेगात चालतो, कुठे अडतो आणि का अडतो, हे मोजणं हा माझा व्यवसाय आहे. आपल्या भागातल्या संस्थांच्या सर्व्हर खरेदीच्या निविदा मी आवर्जून वाचते. बहुतेकांचा साचा एकच असतो: प्रोसेसर किमान इतक्या कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्रपणे काम करणारं एकक), वेग किमान इतके गिगाहर्ट्झ, रॅम किमान २५६ जीबी, डिस्क इतके टीबी, वॉरंटी तीन वर्षं. या यंत्रावर काम कोणतं चालणार आहे, याचा उल्लेख मला क्वचितच सापडतो. मग तांत्रिक छाननीत सगळेच पास होतात आणि सर्वात कमी दराचं कोटेशन निवडलं जातं.

माझी विनंती एका ओळीची आहे. निविदेत तुमचं स्वतःचं एक काम द्या, आणि ते काम यंत्रावर किती मिनिटांत झालं व त्यासाठी किती वीज लागली, हे दोन आकडे पुरवठादाराकडून मागा. बाकीचं पत्र ही मागणी कशासाठी आणि कशी करायची, याबद्दल आहे.

आधी गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो आकडा. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ घरगुती संगणकात ३.८ गिगाहर्ट्झवर चालत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या एपिक ९९६५ या सर्व्हर प्रोसेसरचा मूळ वेग २.२५ गिगाहर्ट्झ आहे. निविदेच्या भाषेत वीस वर्षांपूर्वीचा घरगुती प्रोसेसर वरचढ ठरतो. प्रत्यक्षात नवा कोअर एका ठोक्यात कितीतरी जास्त सूचना निकालात काढतो, आणि असे कोअर त्यात १९२ आहेत. ठोक्यांचा वेग वाढायचा थांबला त्याला कारण आहे. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत गेले आणि त्यांचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरत गेलं, तर वेग वाढला तरी चौरस मिलिमीटरमागची उष्णता तेवढीच राहते. २००५च्या सुमारास व्होल्टेज उतरायचं जवळपास थांबलं, कारण आणखी खाली गेलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळते. तेव्हापासून वेगाऐवजी कोअरची संख्या वाढत आली आहे.

म्हणून आता निविदांमध्ये कोअर मोजले जातात. तोही आकडा एकट्याने काही सांगत नाही. एपिकच्या त्याच पिढीतले तीन प्रोसेसर घ्या. ९९६५ मध्ये १९२ कोअर, ९७५५ मध्ये १२८, आणि ९५७५एफ मध्ये फक्त ६४, पण हे ६४ कोअर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. पहिले दोन ५०० वॅटचे, तिसरा ४०० वॅटचा. इंटेलच्या झिऑन ६ मध्ये १२८ मोठ्या कोअरचा ६९८०पी आहे आणि १४४ लहान कोअरचा ६७८०ई आहे. या लहान कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ ही रुंद गणिताची सोयच नाही. वेब सर्व्हरला त्याने काही फरक पडत नाही, हवामानाच्या मॉडेलला पडू शकतो. आर्मच्या बाजूला ॲमेझॉनचा ९६ कोअरचा ग्रॅव्हिटॉन४ आहे, अँपिअरवनचे १९२ कोअर आहेत. ‘किमान १२८ कोअर’ असं लिहिलंत की ६४ वेगवान कोअरचा प्रोसेसर दारातच अडतो, मग तुमच्या कामाला तोच सर्वात योग्य असला तरीही.

आणि तो योग्य असू शकतो. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवता. तो खरेदीच्या टेबलावरही मांडा. कामाचा फक्त ५ टक्के भाग एकामागून एक करावा लागत असेल, तर १६ कोअरवर वेग सुमारे ९ पट होतो, ३२ वर साडेबारा पट आणि १२८ वर साडेसतरा पटही होत नाही. कोअर अनंत लावले तरी २० पटींच्या पलीकडे जाता येत नाही. पहिले ३२ कोअर साडेबारा पट मिळवून देतात आणि पुढचे ९६ मिळून जेमतेम पाच पट वाढवतात. पैसे मात्र सगळ्यांचे मोजावे लागतात.

खरी अडचण याच्याही पुढची आहे, आणि माझ्या कामात मी सर्वाधिक वेळ तिच्याशीच झगडत असते. ती म्हणजे मेमरी, म्हणजे रॅममधून प्रोसेसरपर्यंत डेटा पोचायची वाट. कोकण रेल्वेचा मार्ग वीरच्या पुढे बहुतांश एकेरी आहे. गणपतीत जादा गाड्या सोडल्या की त्या एकमेकींसाठी क्रॉसिंगला थांबतात. इंजिन कितीही ताकदीचं असो, समोरून गाडी येईपर्यंत ते उभंच. कोअर वाढवून मेमरीची वाट तेवढीच ठेवली की प्रोसेसरच्या आत हेच होतं.

याचा हिशेब कागदावर करता येतो. मेमरीचे चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधल्या स्वतंत्र वाटा) गुणिले वेग (सेकंदाला किती दशलक्ष खेपा) गुणिले ८ बाइट. २०१७ मधल्या पहिल्या एपिकला २६६६ वेगाचे ८ चॅनल होते, म्हणजे सेकंदाला सुमारे १७० जीबी. कोअर ३२, म्हणजे एका कोअरच्या वाट्याला ५.३ जीबी. २०२४ च्या एपिकला ६००० वेगाचे १२ चॅनल आहेत, एकूण ५७६ जीबी. एकूण आकडा तिपटीहून मोठा झाला. पण १९२ कोअरच्या ९९६५ मध्ये एका कोअरला ३ जीबीच मिळतात, सात वर्षं आधीच्या त्या चिपपेक्षा कमी. १२८ कोअरच्या ९७५५ मध्ये ४.५, ६४ कोअरच्या ९५७५एफ मध्ये ९. झिऑन ६९८०पी ला ८८०० वेगाच्या एमआरडिम या जलद प्रकारच्या मेमरी-पट्ट्या लावल्या तर ८४५ जीबीच्या आसपास, म्हणजे कोअरमागे ६.६. हे सगळे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात हाती लागतं ते याहून कमी. तरीही कोणत्याही जाहिरातीपेक्षा या एका भागाकारातून जास्त कळतं.

इथेच एक सूचना अगदी कळकळीने करते, कारण यात सार्वजनिक पैसा उघड्या डोळ्यांनी वाया जाताना दिसतो. ‘रॅम २५६ जीबी’ एवढंच लिहिलंत तर पुरवठादार ६४ जीबीच्या चार पट्ट्या बसवून देऊ शकतो. अट शब्दशः पूर्ण होते. पण बारा चॅनलच्या प्रोसेसरला चारच पट्ट्या लागल्या की मेमरीची रुंदी ५७६ वरून थेट १९२ वर येते. प्रोसेसर पूर्ण किमतीचा, वाट एक-तृतीयांश. ‘सर्व मेमरी चॅनल भरलेले असावेत, प्रत्येक चॅनलवर एक पट्टी’ हे वाक्य निविदेत घालायला काही खर्च येत नाही. ३२ जीबीच्या बारा पट्ट्या घेतल्या की ३८४ जीबी होतात आणि वाटही पूर्ण रुंद मिळते.

काही विभाग गिगाहर्ट्झ सोडून स्पेक सीपीयू २०१७ या प्रमाणित चाचणीचे प्रसिद्ध आकडे मागतात. ही नक्कीच एक पायरी वरची गोष्ट आहे. पण त्यातला ‘रेट’चा आकडा प्रोग्रामच्या अनेक सुट्या प्रती एकाच वेळी चालवून काढतात. त्या प्रतींना आपसात काही बोलायचं नसतं, त्यामुळे जास्त कोअरवाल्याचा आकडा फुगतो. तुमचं काम सुट्या प्रतींचं असेल, म्हणजे शंभर विद्यार्थ्यांचे शंभर वेगवेगळे प्रोग्राम, तर तो आकडा खुशाल वापरा. एकच मोठं काम सगळ्या कोअरनी मिळून करायचं असेल तर तो दिशाभूल करील.

आता आपलं काम कोणतं, हा प्रश्न. विद्यार्थ्यांचं पोर्टल, प्रयोगशाळेतली आभासी यंत्रं, आंब्याच्या पानांवरचा रोग छायाचित्रातून ओळखणारे प्रकल्प, ही सगळी खरी कामं आहेत. ज्यांना तीच करायची आहेत त्यांनी त्यांचीच चाचणी करावी. पण संपूर्ण कोकणासाठी एक सामाईक चाचणी सुचवायची तर मी २२ जुलै २०२१ हा दिवस सुचवेन. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्याआधीच्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं होतं. आपल्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत, अनेकांच्या घरांनी सोसल्या आहेत.

डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल मोफत आहे आणि त्याचा स्रोत खुला आहे. २१ आणि २२ जुलैची सुरुवातीची हवामान-स्थिती मागच्या हवामानाच्या नोंदींच्या युरोपच्या ईआरए५ संचातून विनामूल्य मिळते. समुद्र ते सह्याद्री ही आपली पट्टी सरासरी पन्नासेक किलोमीटर रुंद. मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीचं हवामान काढतं. १२ किलोमीटरच्या चौकटींनी हिशेब केला तर किनारा, खलाटी, वलाटी आणि घाटमाथा हे सगळं चार चौकटींत कोंबलं जातं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमसाठी ही चौकट ६ किलोमीटरवर आणली. ते गणित तिथल्याच ‘अर्क’ या ११.७७ पेटाफ्लॉप्सच्या (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज आकडेमोडी) महासंगणकावर चालतं. चौकट निम्मी केली की त्यांची संख्या चौपट होते आणि काळाची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम आठपट. १२ वरून ३ किलोमीटरवर आलं की चौसष्ट पट. एवढं काम एका सर्व्हरवर सबंध देशासाठी होणार नाही, पण फक्त दाभोळच्या खाडीपासून कोयनेच्या पलीकडेपर्यंतच्या तुकड्यासाठी नक्की होतं.

मग चाचणी अशी: हा तुकडा, ३ किलोमीटरची चौकट, २१ जुलैच्या पहाटे साडेपाचपासून पुढचे ३६ तास. प्रत्येक पुरवठादाराने तो आपल्या यंत्रावर चालवायचा आणि लागलेली मिनिटं व वीज कळवायची. डब्ल्यूआरएफ मेमरीवर चांगलंच अवलंबून असतं. त्यामुळे चार पट्ट्यांचं यंत्र, अरुंद वाट आणि नुसती कोअरची खोगीरभरती यांतलं काहीच लपून राहणार नाही. त्या दिवशी पडला तेवढाच पाऊस मॉडेलमध्ये पडेल, असं मी म्हणत नाही. तसं क्वचितच घडतं. वेधशाळेचं काम महाविद्यालयाने करावं असंही म्हणणं नाही, इशारा द्यायचा अधिकार आणि जबाबदारी भारतीय हवामान विभागाचीच. आपण इथे यंत्र मोजतोय. फक्त मोजताना आपल्या मुलांना ज्याचा अर्थ कळतो असा पाऊस वापरतोय.

यात नवं किंवा नियमबाह्य काहीच नाही. मोठ्या हवामान संस्था महासंगणक घेताना पुरवठादारांकडून आपलीच मॉडेलं चालवून घेतात आणि तो आकडा करारात बांधून घेतात. आपली खरेदी लहान आहे, म्हणून पद्धतही ढिली असावी असं नाही. उलट लहान संस्थेला चुकीचा सर्व्हर पाच-सहा वर्षं सांभाळत बसावं लागतं.

विजेचा आकडा मी मिनिटांच्या बरोबरीने मागते आहे, त्याचं कारण साधं. ५०० वॅटचा एक प्रोसेसर वर्षभर पूर्ण भाराने चालला तर ४३८० युनिट जातात. दोन प्रोसेसर बसणाऱ्या यंत्रात ८७६०, त्यात मेमरी, पंखे आणि वातानुकूलन धरलेलं नाही. तुमच्या बिलातला दर याला लावा आणि पाच वर्षांनी गुणा. त्यातून आपला पावसाळा. वीज गेली, एसी बंद पडला, दमट खारी हवा खोलीत आली आणि थंड पडलेल्या धातूवर पाणी साचलं की बोर्डावरचं तांबं गंजायला लागतं. किनाऱ्याजवळच्या संस्थांना कमी उष्णता सोडणारं यंत्र थोडं संथ असलं तरी परवडेल. मी असते तर ५०० वॅटच्या प्रोसेसरकडे श्रीवर्धन, गुहागर किंवा मालवणमध्ये तरी आधी संशयानेच पाहिलं असतं.

काही जण म्हणतील, यंत्र घेताच कशाला, क्लाउडवर भाड्याने घ्या. वर्षातून मोजक्या वेळा मोठं गणित चालवायचं असेल तर हेच बरोबर आहे आणि मीही तेच सांगेन. विकत घ्यायचं ठरलं तरी आधी भाड्याने तासाभरासाठी एपिक, झिऑन आणि ग्रॅव्हिटॉन असे तिन्ही घेऊन आपली चाचणी चालवता येते. निविदा लिहिण्याआधीच तुमच्या हातात स्वतः काढलेले आकडे असतील. मग पुरवठादाराच्या प्रतिनिधीशी बोलताना आवाजात फरक पडतो.

हे मोजायचं काम विद्यार्थ्यांनी करावं, असं मला मनापासून वाटतं, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. चिप डिझाइन शिकायचं तर पुणे-बंगळूर गाठायला हवं, अशी समजूत इथे पक्की बसली आहे. पण पुढच्या दहा वर्षांत चिप कशी बनेल हा प्रश्न बराचसा याच मोजणीतून सुटणार आहे. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या चिपसाठी आकडे मांडले होते: ३२ बिटच्या दशांश संख्यांच्या एका बेरजेला ०.९ पिकोज्यूल लागतात, आणि बाहेरच्या मेमरीतून ६४ बिट आणायला १३०० ते २६००. गणित जवळपास फुकट आहे, ने-आण महाग आहे. गेल्या काही वर्षांतल्या डिझाइनच्या नव्या कल्पना पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याच या महागाईवरचे उपाय आहेत.

उदाहरणार्थ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत एसरॅमच्या (कॅश जिच्यापासून बनते ती मेमरी) एका पेशीचं क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होतं, पुढच्या एन३ई या ३ नॅनोमीटर प्रक्रियेतही ते तेवढंच राहिलं. गणिताचे ट्रान्झिस्टर लहान होतात, कॅश होत नाही. मग महागड्या नव्या प्रक्रियेत कॅश छापायची कशाला? ती वेगळ्या तुकड्यावर करून वर रचावी, या विचाराने एएमडीने २०२२ च्या मिलान-एक्समध्ये प्रत्येक आठ कोअरच्या तुकड्यावर ६४ एमबीचा जादा थर चढवला आणि एका प्रोसेसरमध्ये ७६८ एमबी एल३ कॅश बसवली. हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं त्यावर लक्षणीय वेगाने चालली. दुसरा मार्ग म्हणजे मेमरीच पॅकेजमध्ये आणणं. जपानच्या फुगाकू महासंगणकातल्या ए६४एफएक्स चिपला कोअर फक्त ४८, पण शेजारी ३२ जीबी एचबीएम (एकावर एक थर रचलेली रुंद वाटेची मेमरी) आणि सेकंदाला १०२४ जीबीची वाट, म्हणजे कोअरमागे २१ जीबी. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने आखलेल्या ९६ कोअरच्या औम प्रोसेसरमध्येही एचबीएम आहे. सर्व्हर चिपचे तुकडे करून जोडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, कारण छपाईच्या एका झोतात सुमारे ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी चिप उमटत नाही, आणि मोठ्या चिपमध्ये दोष सापडण्याची शक्यताही मोठी. हे तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी जुळावेत म्हणून २०२२ मध्ये यूसीआयई हे सामाईक मानक आलं. एएमडीने जाहीर केलेल्या पुढच्या व्हेनिस प्रोसेसरला २५६ कोअर आणि सेकंदाला १.६ टीबी मेमरी असेल. भागाकार करून पाहा, कोअरमागे पुन्हा सहाच्या वर. घसरलेला आकडा डिझाइन करणाऱ्यांनाही खुपत होता, हे त्यातून दिसतं.

आता यातलं काय दापोली-लोणेरे-रत्नागिरी-सावंतवाडीच्या प्रयोगशाळेत करता येईल? बरंच काही. जेम-फाइव्ह हा प्रोसेसरची नक्कल करणारा खुला सिम्युलेटर साध्या संगणकावर चालतो. पूर्ण डब्ल्यूआरएफ त्यावर चालणार नाही, फार संथ पडेल. पण शेजारच्या चौकटी वाचून मधली चौकट काढणारा त्यातला लूप वेगळा काढला, की विद्यार्थी कॅश दुप्पट करून, चॅनल निम्मे करून, कोअर कमी करून त्याचं काय होतं हे पाहू शकतो. सर्व्हरवर मोजलेला आकडा आणि सिम्युलेटरचा आकडा जुळत नसेल तर का जुळत नाही, हे शोधताना प्रोसेसर जेवढा कळतो तेवढा पाठ्यपुस्तकातून कळत नाही. त्यापुढे रिस्क-फाइव्ह आहे. २०१० मध्ये बर्कलेला सुरू झालेला हा सूचना-संच कुणालाही परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर आयआयटी मद्रासने शक्ती आणि सी-डॅकने वेगा हे प्रोसेसर बनवले. केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात ८५ हजार अभियंते तयार करायचं उद्दिष्ट आहे, आणि बंगळूरच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून सहभागी संस्थांना डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर मिळतात. पहिल्या प्रयत्नात सर्व्हर प्रोसेसर कोणी मागत नाही. पावसाच्या मॉडेलमधल्या त्या एका लूपसाठी मेमरीतून पुढचा डेटा आधीच आणून ठेवणारा छोटा घटक, एवढं अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना झेपेल आणि एफपीजीए बोर्डावर (हवं ते सर्किट त्यावर मांडून तपासता येतं) चालवूनही दाखवता येईल.

चाचणीची मांडणी करून द्यायला मी तयार आहे. तुकड्याच्या सीमा, सुरुवातीचा डेटा, कंपायलरचे पर्याय, मिनिटं आणि वॅट नोंदवायची पद्धत, हे सगळं एका फोल्डरमध्ये, कुणालाही उघडून पाहता येईल असं. सुट्टीच्या दिवशी तुमच्या प्रयोगशाळेत येऊन मुलांबरोबर बसेन, त्याचा मोबदला नको. प्रत्येक महाविद्यालयाने आपापले आकडे एकमेकांना दाखवावेत एवढी अट मात्र घालते. लोणेऱ्याला मोजलेला आकडा कणकवलीच्या निविदेला उपयोगी पडायला हवा.

सुरुवातीला गरज आहे ती अशा एका विभागाची, जो आपला सध्याचा सर्व्हर दोन दिवस या कामासाठी मोकळा ठेवील. नव्या यंत्राचे आकडे कशाशी ताडायचे, तर आधी जुन्याचे हवेत. तुमच्याकडे पुढची निविदा निघायची असेल तर ती निघण्याआधी कळवावं.

आपली विश्वासू,
चिपळूणची एक संगणक अभियंता